न मानवणारं अन्न आणि वजनाचा काटा

चैत्रातल्या एका शनिवारी भाचा आला तो हातात रंगीत पानांचा अहवाल घेऊनच. त्याचं ऑफिस बेंगळुरूच्या व्हाइटफील्डला, माझं घर के. आर. पुरमला. जांभळ्या मेट्रोतून उतरून झुलत्या पुलाजवळची गर्दी ओलांडली की तो दारात. एरवी आल्याआल्या फोडणीच्या वासामागे स्वयंपाकघरात शिरणारा हा मुलगा त्या दिवशी टेबलाशीच बसला. म्हणाला, "मावशी, आता मला पोळी नको, दही नको. शेंगदाण्याची चटणी तर समोरही ठेवू नकोस. वजन का उतरत नाही ते सापडलंय."

अहवालात दोनशेच्या वर पदार्थांची नावं होती. हिरव्या रकान्यात चालणारे, पिवळ्यात बेतानं खायचे, लालमध्ये वर्ज्य. लाल रकान्यात सत्तावीस नावं होती: गहू, गाईचं दूध, दही, अंड्यातला पांढरा बलक, शेंगदाणा, हरभरा, तीळ, लसूण आणि असंच पुढे. जळगावच्या घरात वाढलेल्या मुलाच्या ताटातलं जवळजवळ सगळंच त्यात आलं होतं. तळाशी लिहिलं होतं की या पदार्थांमुळे शरीरात सूज राहते आणि सुजेमुळे वजन हटत नाही. तपासणी कुणी केली याला इथे महत्त्व नाही. अशा तपासण्या आता सगळ्याच मोठ्या शहरांत होतात आणि वजनाला कंटाळलेली माणसं मोठ्या आशेनं त्या करून घेतात. त्या आशेपायीच मी या प्रश्नाच्या मागे लागले. एखाद्याला एखादं अन्न मानवत नसेल, तर त्याचा वजनाशी संबंध असतो का? वाचता वाचता समजलं की संबंध आहे, काही ठिकाणी चांगलाच घट्ट आहे, पण तो त्या अहवालात सांगितलेल्या वाटेनं जात नाही.

आपल्या भाषेत या विषयाला शब्दांची चणचण नाही. दूध मानवत नाही. वांगं बाधतं. हरभऱ्याची डाळ वातूळ. कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं. आपण ही वाक्यं एका सुरात बोलतो, पण त्यांच्यामागे शरीरातल्या निरनिराळ्या घडामोडी असतात. कोळंबीनं अंगावर गांधी उठतात तेव्हा शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून त्या अन्नावर तुटून पडलेली असते. तीच खरी अ‍ॅलर्जी. रक्तातली आयजीई नावाची प्रतिद्रव्यं ती घडवून आणतात, ती काही मिनिटांत दिसते आणि कधी जिवावरही बेतते. दूध न मानवण्याचा याच्याशी काही संबंध नाही. तिथे दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य आतड्यात कमी पडत असतं. हरभऱ्यातल्या काही शर्करा तर कुणाच्याच लहान आतड्यात नीट पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. चौथी गोष्ट सीलिअ‍ॅक आजाराची. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर पोखरतं. त्याला मराठीत अजून घरगुती नाव नाही आणि बहुधा म्हणूनच तो आपल्याकडे उशिरा ओळखला जातो. आयुर्वेदानं 'सात्म्य' हा शब्द वापरून फार पूर्वी सांगून ठेवलं होतं की तेच अन्न एकाला सोसतं आणि दुसऱ्याला सोसत नाही. व्यक्तीव्यक्तीत फरक असतो यावर वाद नाहीच. तो फरक मोजायचा कसा आणि त्याचा वजनाशी सांधा कुठे जुळतो, एवढाच प्रश्न आहे.

यातला एक मोठा तुकडा मी राहते त्या राज्यातच तपासला गेला आहे. युरोपात अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा 'युरोप्रीव्हॉल' नावाचा मोठा प्रकल्प झाला. त्याचा भारतातला भाग कर्नाटकात पार पडला आणि म्हैसूरच्या जे. एस. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. पी. ए. महेश त्यात आघाडीवर होते. प्रौढांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई प्रतिद्रव्यं २६.५ टक्के लोकांत सापडली. हे प्रमाण युरोपातल्या केंद्रांपेक्षाही जास्त होतं. पण ते अन्न खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो आणि तपासणीही त्याला दुजोरा देते, असे लोक १.२ टक्केच निघाले. त्यातल्या त्यात पुढे होतं गाईचं दूध आणि सफरचंद, प्रत्येकी अर्धा टक्का. शाळकरी मुलांची पाहणी २०२० मध्ये आली. तीत भारतातल्या मुलांत संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी अवघी ०.१४ टक्के होती, हाँगकाँगच्या मुलांत मात्र दीड टक्का.

हे आकडे मी भाच्याला कागदावर मांडून दाखवले. शंभर माणसं रांगेत उभी केली तर सव्वीस-सत्तावीस जणांच्या रक्तात खूण सापडेल आणि त्यांतल्या एखाद्यालाच आजार असेल. बाकीच्यांनी नुसता रक्ताचा कागद पाहून ताटातलं अन्न काढून टाकलं तर ती विनाकारण उपासमार ठरेल. आणि ही झाली आयजीईची गोष्ट, म्हणजे जिच्यामागे खरी अ‍ॅलर्जी असू शकते त्या तपासणीची. भाच्याचा अहवाल होता आयजीजी या वेगळ्या प्रतिद्रव्याचा. आयजीजी, विशेषतः तिचा चौथा उपप्रकार, आपण जे अन्न नेहमी खातो त्याविरुद्ध तयार होतेच. शरीराची त्या अन्नाशी ओळख झाली आहे आणि ते त्याला सोसतं आहे, याचीच ती खूण असते. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली आणि कॅनडातल्या संघटनेनं २०१२ साली स्पष्ट सांगितलं की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. जळगावच्या मुलाच्या रक्तात शेंगदाण्याची आयजीजी भरपूर निघाली, कारण तो लहानपणापासून शेंगदाणे खात आला आहे. त्याची आजी कन्नडिगा असती तर कदाचित नारळ लाल रकान्यात गेला असता.

मग वजनाचं खापर अन्नावरच्या अ‍ॅलर्जीवर फोडायची कल्पना आली कुठून? तिचं मूळ सापडलं १९४७ सालात. शिकागोचे डॉ. थेरॉन रँडॉल्फ यांनी तेव्हा एक लेख लिहिला. लठ्ठपणा सुरू होण्यामागे आणि टिकून राहण्यामागे 'दडलेली' अ‍ॅलर्जी असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाला जे सोसत नाही त्याचीच त्याला ओढ लागते, ते खाल्लं की तात्पुरतं बरं वाटतं, म्हणून तो पुन्हापुन्हा खातो आणि जाड होतो. पुढे त्यांनी याला अन्नाचं व्यसन म्हटलं. रँडॉल्फ रुग्णांचं बारकाईनं ऐकणारे होते, पण त्यांच्या या कल्पनेला आंधळ्या चाचण्यांचा, म्हणजे काय खातोय हे रुग्णालाही माहीत नसलेल्या चाचण्यांचा आधार कधी मिळाला नाही. तरी कल्पना टिकली, कारण लठ्ठ माणसाला ती दोषमुक्त करते. २०११ साली अमेरिकेतल्या डॉ. विल्यम डेव्हिस यांच्या 'व्हीट बेली' या पुस्तकानं सगळा आरोप गव्हावर ठेवला आणि ते पुस्तक जगभर गेलं.

सुजेचं म्हणणं त्यामानानं अलीकडचं आहे आणि त्यात अर्धं सत्य आहे. लठ्ठपणात शरीरात मंद दाह असतो हे खरं. हार्वर्डच्या गोखन होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पिगेलमन यांनी १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत दाह वाढवणारं द्रव्य तयार होताना दाखवलं, तेव्हापासून हा विषय जोमानं अभ्यासला जातो आहे. पण तिथे बाणाची दिशा पाहायला हवी. चरबी वाढली की दाह वाढतो, असं ते काम सांगतं. दह्यानं दाह होतो आणि त्या दाहानं चरबी साठते, हे त्यातून निघत नाही. अहवालाच्या तळाशी तो बाण उलटा काढलेला होता.

आता जिथे संबंध खरोखर आहे त्या सीलिअ‍ॅककडे येते. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नरस त्यांच्यातून रक्तात जातो. सीलिअ‍ॅकमध्ये हे अंकुर झडतात. मग मूल खातं पण अंगी लागत नाही. वजन वाढत नाही, उंची खुंटते, रक्त कमी राहतं. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या लक्षात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, आणि त्या उपासमारीत डिके यांच्या रुग्णालयातली आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारली.

भारतात हा आजार सगळीकडे सारखा नाही. २३ हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. उत्तरेत हजारी साडेआठ, ईशान्येत पावणेपाचच्या आसपास, दक्षिणेत मात्र दहा हजारांत एखादा. आजाराला पोषक जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच निघाली. फरक होता गव्हात: उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. मला या दोन आकड्यांनी थांबवलं. आमच्या इमारतीत उत्तरेतून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत, दक्षिणेतल्या घरांतही आता रात्री पोळी होते आणि आम्ही महाराष्ट्रातले लोक तर ज्वारी-बाजरीकडून गव्हाकडे दोन पिढ्यांपूर्वीच वळलो. दक्षिणेत हा आजार नसतोच, असं गृहीत धरून चालणारा डॉक्टर इथे चुकू शकतो.

सीलिअ‍ॅकचा रोगी म्हणजे हडकुळा, हा समजही आता सोडायला हवा. उत्तर आयर्लंडमधल्या ३७१ रुग्णांचा अभ्यास २००६ साली आला. निदानाच्या वेळी ३९ टक्के रुग्णांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. गहू सोडून दोन वर्षं झाल्यावर बहुतेकांचं वजन वाढलं, आणि जे आधीच जाड होते त्यांतल्याही ८२ टक्क्यांचं वाढलं. कारण उघड आहे, अंकुर परत उगवले आणि खाल्लेलं अंगी लागू लागलं. गहू सोडल्यानं वजन उतरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एक आकडा लक्षात ठेवावा: ज्यांना गहू खरोखर वैरी आहे, ते गहू सोडल्यावर वजन कमावतात.

अशा माणसाला या शहरात बाहेर खाणं सोपं वाटतं, कारण इडली-डोसा तांदूळ-उडदाचा. पण दर्शिनीच्या, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या उपाहारगृहाच्या काउंटरवर रवा इडलीही असते. दुसऱ्या महायुद्धातल्या तांदूळटंचाईत इथल्या एम. टी. आर. या उपाहारगृहानं ती काढली असं सांगतात, आणि ती गव्हाच्या रव्याची. चौचौ भातातलं तिखट-गोड दोन्ही रव्याचंच. घरातली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे हिंगाची डबी. शुद्ध हिंग फार उग्र असतो म्हणून तो डिंकात आणि पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ कधी तांदळाचं असतं, कधी गव्हाचं. मी माझ्या फडताळातली डबी चष्मा लावून वाचली. मैदा होता. वरण, आमटी, भाजी, कोशिंबीर, फोडणीत पडणाऱ्या चिमटीनं गहू दिवसाला चार वेळा पोटात जात होता. तुम्हाआम्हाला त्याचं काही नाही. सीलिअ‍ॅकच्या मुलाला आहे. पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, यावरून चिमटीची किंमत कळावी.

दुधाचं प्रकरण वेगळं आणि त्यात वजनाला फारशी जागा नाही. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दुधातली साखर न पचणाऱ्यांचं प्रमाण उत्तरेत २७.४ टक्के आणि दक्षिणेत ६६.६ टक्के आलं होतं. मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकातला बदल वायव्येकडून आग्नेयेकडे विरळ होत जातो, हे पुढे दिसलं. ही साखर पचली नाही तर ती मोठ्या आतड्यात पाणी ओढते आणि आंबते. पोट गुडगुडतं, ढाळ होतात. चरबी साठत नाही, उलट त्या साखरेतली ऊर्जा थोडी वायाच जाते. न पचणाऱ्यांनाही एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत ही साखर बहुधा सोसते, म्हणजे साधारण एक कप दूध. स्टीलच्या छोट्या पेल्यातल्या फिल्टर कॉफीत याच्या निम्मीही नसते. ताकात, विरजलेल्या दह्यात तर जीवाणूंनी काही आधीच खाल्लेली असते. दूध सोसत नाही म्हणून ताकही बंद करणाऱ्या बायका मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं, कारण मांसाहार न करणाऱ्या घरात कॅल्शियम आणि बी-१२चा तोच मोठा आधार असतो.

गव्हाची गोष्ट पुन्हा काढायला हवी, कारण सीलिअ‍ॅक नसतानाही गव्हानं त्रास होणारी माणसं आहेत आणि त्यांचा त्रास खोटा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं २०१३ साली अशा ३७ जणांवर प्रयोग केला. आधी सगळ्यांच्या आहारातल्या आंबणाऱ्या शर्करा कमी केल्या. सगळ्यांना बरं वाटलं. मग गुपचूप ग्लूटेन परत दिलं, तर मोजक्याच लोकांना फरक कळला. नॉर्वेतला २०१८ सालचा प्रयोग अजून बोलका आहे. ५९ जणांना एकसारख्या दिसणाऱ्या वड्या दिल्या. एका प्रकारात ग्लूटेन, दुसऱ्यात फ्रुक्टन नावाची गव्हातलीच शर्करा, तिसऱ्यात काहीच नाही. सर्वांत जास्त त्रास ग्लूटेननं झालेले १३, फ्रुक्टननं झालेले २४, आणि काहीच नसलेल्या वडीनं झालेले २२. फ्रुक्टन गव्हात आहे, पण कांदा-लसणात ते त्याहून दाटीनं असतं. पोळी सोडूनही ज्याचं पोट फुगतं त्यानं भाजीतल्या कांद्याकडे बघावं. आणि त्या बावीस जणांना हसू नये. बाधेल या धास्तीनंही पोट खरंखुरं दुखतं.

मराठीत पोट सुटणं आणि पोट फुगणं हे दोन शब्दप्रयोग वेगळे आहेत, हे आपलं भाग्य. सुटलेलं पोट सकाळ-संध्याकाळ तेवढंच असतं. फुगलेलं सकाळी सपाट, रात्री ढोलासारखं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी फुगलेल्या पोटांचे सीटी स्कॅन काढून पाहिले तेव्हा आत वायू फारसा वाढलेलाच नव्हता. श्वासपटल खाली दबलं होतं, पोटाची भिंत सैल सुटली होती, म्हणून पोट पुढे आलं होतं. नाडी रुतते, पँटचं बटण लागत नाही, आणि माणसाला वाटतं आपण जाड झालो. अन्न न मानवण्याचा आणि 'जाड दिसण्याचा' सर्वांत थेट संबंध हाच आहे, पण तो काट्यावर दिसत नाही, आरशात दिसतो.

भाच्याचा काटा मात्र हलला होता. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो. तो फोनवर इतका आनंदानं सांगत होता की मला त्याचा विरस करवेना. पण हिशेब असा आहे: यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो साखर साठवणीत असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटून असतं. पोळी, भात, बिस्किटं एकदम कमी केली की ही साठवण उतरते, पाणी जातं आणि दीड-दोन किलोंचा फरक पडतो. उरलेला एक किलो खरा असावा, कारण लाल रकान्यामुळे त्याचा संध्याकाळचा समोसा, रात्रीचा मागवलेला पिझ्झा, ऑफिसातलं केक कापणं सगळं सुटलं होतं. वजन उतरवणाऱ्या बहुतेक 'वर्ज्य' यादींचं गुपित हेच असतं. यादी कुठलीही असो, तिच्यात गहू, दूध, साखर आली की बाहेरचं तळलेलं, बेकरीतलं आपोआप बंद होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न हवं तेवढं खायला दिलं. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन जवळजवळ एक किलो वाढलं. दुसऱ्यात तेवढंच उतरलं. तिथे कुणाची आयजीजी तपासावी लागली नाही.

वटपौर्णिमेपर्यंत भाच्याचे तीनही किलो परत आले. कसे, ते आपल्या आज्यांना विचारावं. एकादशी अन् दुप्पट खाशी. उपासाला धान्य वर्ज्य, म्हणून साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप. भाच्यानं गव्हाच्या जागी ग्लूटेनमुक्त लिहिलेल्या कुकीज आणल्या, तांदळाचे पापड, बदामाच्या पिठाचे केक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकांत शंभर ग्रॅम कणकेत ३२० कॅलरी आहेत, नाचणीत ३२१, ज्वारीत ३३४, तांदळात ३५६. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ती अवश्य खावी, तिचे शिजवलेले गोळे, म्हणजे रागी मुद्दे, तर मला मनापासून आवडतात. पण पोळीऐवजी मुद्दे खाल्ले एवढ्यानं वजन उतरणार नाही.

एक संबंध मात्र फार कमी बोलला जातो आणि मला तो काळजीचा वाटतो, औषधांचा. ज्यांना खरी अ‍ॅलर्जी, दमा, अंगावर पित्त उठण्याचा जुना त्रास आहे त्यांना कधी स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात, आणि त्या दीर्घकाळ घेतल्या तर भूक वाढते, चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी चढते. पित्ताच्या गोळ्यांपैकी सायप्रोहेप्टाडिन तर भूक वाढवण्यासाठीच म्हणून वापरतात. अमेरिकेच्या २००५-०६च्या आरोग्य पाहणीतही अ‍ॅलर्जीच्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांची वजनं जास्त आढळली. तिथे कारण आणि परिणाम सुटे करता येत नाहीत, पण डॉक्टरांना विचारण्याजोगी ही बाब नक्कीच आहे. दुसऱ्या टोकाला मुलं. २००२ सालच्या एका अभ्यासात दोन किंवा जास्त अन्नांची अ‍ॅलर्जी असलेली मुलं एकाच अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपेक्षा उंचीनं कमी भरली. मुलांच्या ताटातून काढलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हाडांना जाणवते. कागदाच्या भरवशावर मुलाचं दूध, अंडं, शेंगदाणे बंद करणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगेन की आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

पण माणसामाणसांत फरक असतो, त्याचं काय? तो आहे, आणि त्याचा सर्वांत सुरेख पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा. म्हणून आपल्याकडे जाडी २३ पासूनच मोजायला लागतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेनं २०१५ साली ८०० जणांच्या ४६,८९८ जेवणांनंतरची रक्तशर्करा मोजली, तेव्हा एकाला केळ्यानं चढते आणि दुसऱ्याला बिस्किटानं, असं दिसलं. मग प्रत्येकाला त्याच्या शरीरापुरता आहार दिला तर वजन जास्त उतरेल, ही आशा साहजिक होती. न्यूयॉर्कमध्ये २०४ जणांवर तसा सहा महिन्यांचा प्रयोग झाला, २०२२ साली निकाल आला: सरसकट कमी चरबीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा व्यक्तिगत आहारवाल्यांचं वजन जास्त उतरलं नाही. स्टॅनफर्डनं त्याआधी २०१८ मध्ये ६०९ जणांना वर्षभर कमी चरबी किंवा कमी पिष्ट अशा दोन आहारांवर ठेवलं होतं. सरासरी उतार ५.३ आणि ६ किलो, म्हणजे फरक नगण्य. पण प्रत्येक गटात कुणी तीस किलो उतरलं होतं तर कुणी दहा किलो चढलं होतं, आणि कोण कुठे जाईल हे जनुकं किंवा इन्सुलिन पाहून आधी ओळखता आलं नाही.

महाराष्ट्रात २०१८च्या सुमारास घराघरांत 'दिवेकर की दीक्षित' हा वाद रंगला होता. ऋजुता दिवेकर सांगत होत्या थोडं थोडं खा, डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते दोनदाच, पंचावन्न मिनिटांत. माझ्या ओळखीत दोन्हीकडची सडपातळ झालेली माणसं आहेत आणि दोन्हीकडची परत जाड झालेलीही. स्टॅनफर्डच्या त्या आकड्यांत मला आमच्या नात्यागोत्यातली सगळी माणसं दिसली.

आता भाच्याकडे. जुलैच्या आधी त्याला मी एका पोटविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गहू कधीपासून बंद? सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. सोडल्यावर प्रतिद्रव्यं उतरतात आणि तपासणी खोटा दिलासा देते. काही आठवडे पुन्हा पोळ्या खायला लावून तपासलं. सीलिअ‍ॅक नव्हता. मग ते म्हणाले, एकेक गोष्ट काढा, तीनचार आठवडे थांबा, लिहून ठेवा आणि मग एकटीच परत आणा. मला हसू फुटलं, कारण हे पंचांग आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी पोटभर खायची, एकादशीपासून चातुर्मासभर कांदा-लसूण-वांगं बंद, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सगळं परत सुरू. सोडायचा दिवस ठरलेला, परत आणायचाही.

त्या वर्षी भाच्यानं आमच्यासोबत चातुर्मास पाळला. पोळी, दही, दाण्याची चटणी सगळं खात होता. फक्त कांदा-लसूण नाही. फ्रिजवर कागद चिकटवून ठेवला होता, त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बेंबीजवळचा टेपचा आकडा आणि सकाळचा काट्याचा. संध्याकाळचा टेपचा आकडा तीन आठवड्यांत खाली आला. काट्याचा आकडा तसूभर हलला नाही. पुढे तो ऑफिसातून येताना एक स्टेशन आधी उतरून चालायला लागला आणि बाहेरचं खाणं आठवड्यातून एकदावर आणलं, तेव्हा कुठे कार्तिकापर्यंत सव्वादोन किलो उतरले, सावकाश.

चंपाषष्ठीला मी जळगावहून आलेली हिरवी वांगी भाजली, भरपूर कच्चा कांदा घालून भरीत केलं. तो दोन वाट्या जेवला. रात्री नऊ वाजता टेप लावला तर सकाळपेक्षा आठ सेंटिमीटर जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा आदल्या दिवशीइतकाच. कागदावर दोन्ही आकडे लिहून तो बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी भरितात कांदा नको, पात घाल." कांद्याच्या हिरव्या पातीत फ्रुक्टन जवळजवळ नसतं, ते पांढऱ्या गड्ड्यात असतं. हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण खानदेशात आजी भरीत पात घालूनच करायची.